काचेच्या मापाच्या पाटल्या

कुणकेश्वरच्या विश्राम मुणगेकरला सोन्यातले सगळे कळते, ही बातमी पंचक्रोशीत कोणी पसरवली याचा शोध घेत गेले तर तो विश्रामपाशीच येऊन थांबतो. हे तो आता स्वतःच सांगतो. देवळाकडून किनाऱ्यावर उतरणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीत संध्याकाळी चार माणसे जमली की तो आपली ही गोष्ट काढतो, आणि इतक्या तटस्थपणे सांगतो की नवख्याला वाटावे, गावात दुसराच कोणी विश्राम मुणगेकर होता आणि तो नुकताच वारला.

नोकरी त्याची देवगडला, तहसील कार्यालयात. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला. उभ्या नोकरीत त्याच्या टेबलावरून एकही प्रकरण पहिल्या फेरीत पुढे सरकले नाही. अर्ज कितीही नीट असो, विश्राम चष्मा कपाळावर चढवून त्यात त्रुटी काढीच. काही न सापडलेच तर जोडलेल्या झेरॉक्सची शाई फिकी असे. माणसे त्याच्यावर चिडत, पण त्याला टाळत नसत, कारण त्याच्या हातून सुटलेला कागद पुढे कुठेही अडत नाही असा लौकिक होता. सुटायला मात्र दोन पावसाळे लागत.

सोन्याचा नाद त्याला त्याच्या लग्नातल्या अंगठीपासून लागला. सासऱ्यांनी हौसेने घातलेली, मधोमध लाल खडा असलेली ती अंगठी पुढे एकदा सहज म्हणून त्याने सोनाराच्या काट्यावर ठेवली. सोन्याच्या भावाने घेतलेल्या त्या अंगठीचे निम्मे वजन खड्याचे आणि खड्याखालच्या लाखेचे निघाले. सासरा साधा माणूस, त्याला कोणीतरी गंडवले याचे जावयाला वाईट वाटायला हवे होते. विश्रामला झाला तो आनंद. ज्यात सगळे जग चुकते आणि आपण एकटे बरोबर असतो असा विषय माणसाला रोज सापडत नाही.

तेव्हापासून त्याने अभ्यास धरला. दागिना घेताना खडे, मणी, लाख वगळून निव्वळ सोन्याचे वजन पावतीवर लिहून घ्यावे. बावीस कॅरटच्या दागिन्याला त्या दिवसाचा बावीसचाच भाव द्यावा. घडणावळ टक्क्यांत किती ते आधी विचारावे, कारण नक्षी जितकी बारीक तितका हा टक्का जाड. उद्या हाच दागिना मोडायला आणला तर घट किती धराल, हे घेतानाच चारचौघांसमक्ष वदवून घ्यावे. हॉलमार्कचा शिक्का आणि त्याच्या शेजारचा सहा अक्षरांचा नंबर भिंगाखाली बघावा, मोबाइलवर घालून ताडून घ्यावा, आणि सोनाराने चहा मागवला तर तो या सगळ्यानंतर प्यावा. यातले अक्षरही खोटे नाही. आजही कोणी सोने घ्यायला निघाला तर त्याने हेच करावे. विश्रामच्या गोष्टीतली अडचणच ही आहे की नियमांत पाहू गेले तर त्याचे कुठेच काही चुकलेले नाही.

फक्त एक होते. लोक दागिना बघतात तो घेतल्या दिवसापासून. विश्राम तो मोडायच्या दिवसापासून बघत असे. गळ्यातल्या हाराकडे पाहून त्याला हार दिसत नसे, मोडीला त्यातून काय जाईल ते दिसे. त्यामुळे शेवटी त्याचा सल्ला फिरून फिरून एकाच जागी येई: दागिना घेऊच नये, वेढणी घ्यावी. वेढणी म्हणजे सोन्याची नुसती कडी, ना नक्षी, ना खडा, घडणावळ नावाला. शेजारच्या ओंकारने हा सल्ला शिरसावंद्य मानून साखरपुड्याला अंगठीऐवजी वेढणीच नेली. अंगठी आणि वेढणी दिसायला सारखीच, असे विश्रामने त्याला सांगितले होते. ती मुलीच्या अंगठ्यातही सैल झाली. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मुलगी मूठ घट्ट आवळून उभी आहे, आणि बघणाऱ्याला वाटते, ही आता मारणार. लग्न झाले, संसार बरा चालला आहे, पण ओंकारची बायको विश्रामला हळदीकुंकवाच्या वाणातले काही पाठवत नाही.

आता शुभदाचे. शुभदा म्हणजे विश्रामची बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. स्वतः कमावणारी बाई, वर्गात चाळीस पोरांना नुसत्या नजरेने बसवणारी. घरात मात्र सोन्याचे खाते विश्रामकडे होते, कारण त्या विषयावर त्याच्याशी बोलायला बसायचे म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, आणि बाईला तेवढी सवड कधी नव्हती. मंगळसूत्र आणि कानांतल्या कुड्या माहेरच्या. त्यानंतर घरात जे सोने आले ते वेढण्यांच्या रूपाने आले आणि दारातूनच देवगडच्या बँकेच्या लॉकरात गेले. वर्षातून एकदा विश्राम तिला तिथे घेऊन जाई, डबी उघडून दाखवी आणि बंद करी. देवदर्शनाला तरी प्रसाद मिळतो.

हातात ती घालायची त्या एक ग्रॅमवाल्या, म्हणजे पितळेवर सोन्याचे पाणी दिलेल्या बांगड्या. खाऱ्या हवेत ते पाणी टिकत नाही. आधी कडा तांबूस होतात, मग काळ्या पडतात, मग मनगटावर हिरवट वळ उमटतो. वळ उमटला की ती बाजारातून नवा जोड आणी. एकदा, मुलगी भक्ती लहान असताना, मालवणच्या बाजारात एका पेढीत तिने खऱ्या पाटल्या हातात घालून पाहिल्या होत्या. हात जरा लांब धरून ती बघत होती, तेवढ्यात विश्रामने पेढीवाल्याला विचारले, मोडीला घट किती? पेढीवाला उत्तर जुळवत होता तोवर शुभदाने पाटल्या काढून गादीवर ठेवल्या आणि म्हणाली, चला, गाडी चुकेल. विश्रामला त्या दिवशी वाटले होते की बायकोलाही घटीचे पटले. हे वाक्य तो टपरीवर सांगतो तेव्हा थोडा थांबतो, लोकांनी हसून घ्यावे म्हणून.

शुभदाच्या निवृत्तीला महिना राहिला तेव्हा शाळेत नवीन आलेली अक्षया नावाची शिक्षिका तिला सहज म्हणाली, "मॅडम, तुमच्या ह्यांना सोन्यातलं एवढं कळतं म्हणे. मग तुमच्या पाटल्या कुठल्या पेढीवरच्या?" पोरीच्या मनात काही नव्हते. शुभदाने हात पदराखाली घेतला आणि सांगितले, लॉकरातल्या. स्टाफरूममध्ये हशा झाला. ती स्वतःही हसली.

घरी येऊन तिने हे भाकरी थापता थापता सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. भाकरी उलटून झाल्यावर मात्र ती म्हणाली, "निरोपाच्या दिवशी ह्यो काळ्यो पडलेल्यो घालून मी उभी रवूचंय नाय. मोकळ्या हातान जातलंय."

विश्राम जेवायचा थांबला. सवाष्ण बाई, आयुष्यभराच्या नोकरीचा निरोप, गावातले सगळे पालक समोर, आणि व्यासपीठावर हिचे हात मोकळे. नवरा पहिल्या रांगेत. लोक काय म्हणतील हे त्याला तोंडपाठ येत होते, कारण दुसऱ्या कोणाच्या बायकोचे असते तर ते त्यानेच म्हटले असते. पण त्याहून जास्त त्याला बोचले ते तिचे सांगणे. ती धमकी देत नव्हती. पाऊस लागला तर छत्री नेईन, इतक्या सरळ सांगत होती. त्याच्याकडून पाटल्या येतील ही शक्यता तिने हिशेबातच धरलेली नव्हती.

तेव्हा त्याने मनाशी ठरवले की निरोपाच्या दिवशी शुभदाच्या हातात सोन्याच्या पाटल्या असतील, आणि तिला आधी कळू द्यायचे नाही.

लॉकरातून वेढण्या काढताना त्याला जे झाले त्याचे वर्णन तो करत नाही. एवढेच सांगतो की बँकेतल्या बाईने पंखा वाढवला.

देवगडच्या बाजारात चंदनची पेढी आहे. बापाच्या पश्चात तो गादीवर बसतो, आणि विश्रामला लांबून येताना पाहिले की दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांना आधी मोकळे करतो. त्या दिवशी विश्राम स्वतःसाठी आलाय हे कळल्यावर त्याने गल्ल्याच्या देवाला हात जोडले. वेढण्या यंत्रावर तपासून झाल्या. तयार पाटल्या विश्रामला पसंत पडेनात. एकीत मीना होता, एकीत खडे, एक आतून पोकळ. शेवटी भरीव, साध्या, वेलीची एकच बारीक रेघ असलेल्या पाटल्या घडवून घ्यायचे ठरले. ती रेघसुद्धा विश्रामने मोठ्या मनाने मंजूर केली.

मग चंदनने माप विचारले आणि म्हणाला की वहिनींनाच एकदा घेऊन या. विश्राम याच क्षणाची वाट पाहत होता. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून वर्तमानपत्राची पुडी, आणि पुडीतून एक हिरवी काचेची बांगडी. मुलीच्या, भक्तीच्या लग्नात घरातल्या बायकांनी चुडे भरले होते, त्यातल्या शुभदाच्या डझनातली ही उरलेली. कपाटातल्या डब्यात पडून होती. बायकोला सुगावा न लागता बायकोचे माप, आणि तेही अस्सल. आपण हेरखात्यात जायला हवे होते असे त्याला घरून निघतानाच वाटले होते.

चंदनने बांगडी बोटावर फिरवली. काचेचे माप घेताना जरा विचार करावा लागतो, असे काहीसे तो म्हणू लागला. मग म्हणाला, पेचाच्या करू या का? म्हणजे एका बाजूने उघडणाऱ्या, पेच फिरवला की हातात चढवता येतात, मापाची काळजी नको. पेच हा शब्द ऐकताच विश्राम खुर्चीत पुढे सरकला. पेचाला घडणावळ जास्त. पेच झिजतो. पेचाला सांध्याचा डाग, डागात हलके सोने, मोडीला घट. हे त्याने चंदनला, शेजारी कुड्या बघत बसलेल्या एका जोडप्याला आणि चहा घेऊन आलेल्या माणसाला एकत्रच समजावले. चंदनने मान डोलावली आणि काचेचे माप लिहून घेतले. विश्राम म्हणतो, त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होते त्याला मी आदर समजलो.

पाटल्या निरोपाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी हातात आल्या. विश्रामने पेढीतच भिंग लावून शिक्का पाहिला, नंबर ताडला, काट्यावर दोनदा ठेवून घेतल्या. निव्वळ वजन, भाव, घडणावळ, सगळे पावतीवर वेगवेगळे. त्याच्या आयुष्यात असा निर्दोष कागद त्याच्या हातात दुसरा आला नव्हता. त्रुटी म्हणून नव्हती.

संध्याकाळी दिवा लागला तेव्हा घरी त्याची थोरली बहीण हौसाबाई आलेली होती. ती आरोंद्याला दिलेली. भावजयीच्या निरोपाला म्हणून मुद्दाम इतक्या लांबून आली होती, आणि आल्या आल्या तिने विश्रामची ढेरी, घराचा रंग आणि आंब्याची फांदी या तिन्ही विषयांवर मत देऊन टाकले होते. विश्रामने पाटल्यांची डबी शुभदापुढे ठेवली. भाषण त्याने बसमध्ये तयार केले होते, ते विसरला. "बघ," एवढेच म्हणाला.

शुभदाने डबी उघडली. मग एक पाटली उचलली, विश्रामकडे न बघता बोटे जुळवली आणि हात आत घातला.

पाटली अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबली.

तिने हात फिरवून पाहिला. पाटली हलेना. अंगठा तळव्यात दुमडून पाहिला. पाटली तिथेच. विश्राम पुढे वाकून म्हणाला, अंगठा अजून जरा आत घे. शुभदाने पाटली काढून मांडीवर ठेवली आणि शाळेत पाढा चुकलेल्या पोराला विचारावे तशा शांतपणे विचारले, "माप खंयचा दिल्यात?"

"तुझ्याच कांकणाचा. कपाटातल्या डब्यातला."

"तां भक्तीच्या लग्नातला," शुभदा म्हणाली. "वन्सांनी साबण लावून भरलेला. तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी इलेला."

आणि मग विश्रामला ते दिसले. काचेचा चुडा मनगटावर खुळखुळून घसरू नये म्हणून मापाला नेहमी एक घर कमीच घेतात. भरणारी बाई हात दाबून, पिळून, साबणाने किंवा तेलाने तो चढवते आणि एकदा चढला की तो फुटेपर्यंत हातातच राहतो. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आईला, बहिणीला, बायकोला, मुलीला, सगळ्यांना त्याने हात पुढे करून ओठ चावून कळ सोसताना पाहिले होते. फक्त ते बायकांचे काम म्हणून त्या वेळी तो बाहेर पडवीत बसून दुसऱ्या कोणाला घडणावळ समजावत असे.

हौसाबाईने पाटली उचलून दिव्यापाशी धरली. शिक्का बघितला, वेल बघितली. वजनाला बरी आहे म्हणाली. मग भावाकडे वळली.

"विश्रामा, सोन्याक इतके प्रश्न इचारलंस. हिच्या हाताक एक तरी इचारूचो होतो."

विश्रामला सुचले ते सगळे नियमांतले होते. वाढवून घ्यायच्या तर पाटल्या कापाव्या लागणार, सोने घालावे लागणार, शिक्का पुन्हा मारावा लागणार, आणि उद्या सकाळी दहाला समारंभ. चंदनची पेढी बंद झालेली. पेचाच्या असत्या तर. हा विचार मनात आला तसा त्याने तो मनातच दाबला, पण चेहऱ्यावर उमटला असावा, कारण शुभदा उठली आणि डबी कपाटात ठेवायला निघाली. चूक काढली नाही, रागावली नाही. उलट म्हणाली, छान आहेत. मालवणच्या पेढीत पाटल्या गादीवर ठेवताना जी म्हणाली होती, चला, गाडी चुकेल, तोच आवाज. विश्रामला तो आवाज आत्ता, इतक्या वर्षांनी, ऐकू आला.

"दोन्ही हयसर हाड," हौसाबाई म्हणाली. "आणि तू खोबरेल हाड. बघतस काय?"

शेवटचे भावाला होते. विश्राम खोबरेलाची बाटली घेऊन आला. हौसाबाईने पदर खोचला, भावजयीला समोर बसवले, तिचा उजवा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि तेल चोळायला लागली. अंगठ्याचे मूळ, करंगळीची बाजू, तळहात. मग पाटली बोटांवर आणून दाबायला सुरुवात केली. शुभदाने ओठ आवळले. पाटली पुन्हा तिथेच येऊन अडली.

"हात असो कडक कित्याक गो? इन्स्पेक्शन आसा काय? सैल सोड. तुझ्या पयल्या शाळेचा सांग. विजयदुर्गाक होतंस ना?"

शुभदा सांगू लागली. पहिल्या दिवशी शाळेत गेली तर पहिलीच्या वर्गात एक पोरगा दाराला धरून भोकाड पसरून बसलेला. त्याला उचलून आत आणता आणता हिलाच रडू आले, आणि ते आवरेना. पोर गप्प झाले, बाईच रडताहेत बघून घाबरून घरी पळाले आणि आईला घेऊन आले. ती बंदरावरून तशीच आलेली, हातात मासळीची टोपली. बाईंच्या पाठीवरून हात फिरवून तिने सांगितले की रडू नको, आमचो झिल चांगलो आसा, तुका त्रास दिवचो नाय. आणि निघताना टेबलावर चार बांगडे ठेवून गेली. हजेरीपटाला वर्षभर वास येत होता. शुभदा हसायला लागली, आणि हसता हसता एकदम थांबून आपल्या हाताकडे बघू लागली. पाटली मनगटावर होती.

विश्रामने ही गोष्ट आधी कधी ऐकली नव्हती. त्याच्या संसारात इतकी वर्षे ती कुठे ठेवलेली होती कोण जाणे. दुसऱ्या हाताच्या वेळी त्याने, काहीतरी करावे म्हणून, बाटली पुढे धरली आणि डावा हात जरा बारीक असतो, दाब कमी लागेल, असे सुरू केले.

"तू गप रव," हौसाबाई म्हणाली. "तू तोंड उघडलंस काय हिचो हात कडक होता."

तो पडवीत जाऊन बसला. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत राहिला, मध्ये एकदा शुभदाचे कळवळणे, मग हौसाबाईचे काहीतरी चावट, मग दोघींचे हसणे. पाठोपाठ सोन्यावर सोने आपटल्यासारखा एक बारीक आवाज. इतकी वर्षे सोन्याचा अभ्यास करून विश्रामला तो आवाज ओळखीचा नव्हता. लॉकरात वाजत नाही.

समारंभ चांगला झाला. हार, नारळ, शाल, आणि निरोपाच्या भाषणांत असतात तेवढे सद्गुण. पोरांच्या आग्रहाखातर शुभदाने फळ्यावर शेवटची तारीख लिहिली. हात वर गेला तशा पाटल्या खाली घरंगळल्या आणि अख्ख्या शाळेने तिकडे पाहिले. मनगटाला त्या अगदी बेताच्या होत्या, ना सैल ना घट्ट. अडचण फक्त वाटेत होती. अक्षयाने हात हातात घेऊन विचारले, किती सुंदर आहेत, कुठल्या पेढीवरच्या? "ह्यांना विचार," शुभदा म्हणाली. सगळे विश्रामकडे वळले. टाचणीवरही अर्धा तास बोलणारा माणूस. तो "देवगडच्या" म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला.

सोमवारी त्याचा मूळ स्वभाव परत आला. पाटल्या आता लॉकरात ठेवून येऊ, रोज हातात घालून सोने झिजते, असे तो म्हणाला. शुभदाने दोन्ही हात पुढे केले. "काढा."

त्याने खोबरेल आणले, साबण आणला, बसून उजवा हात ओढला, मग उभे राहून ओढला. शुभदा शांतपणे खिडकीबाहेर बघत होती. पाटली अंगठ्याच्या मुळापाशी यायची आणि तिथून परत मनगटाकडे जायची. हौसाबाई आरोंद्याला परतली होती. फोन केला तर म्हणाली, घातल्यो तशो निघतल्यो, माका गणपतीक येवंदे. चंदनकडे जाऊन आला. चंदनने दोन उपाय सांगितले, एक धीर धरणे आणि दुसरा कापणे. कापायचे म्हणजे घट, नवी घडणावळ, नवा शिक्का. विश्राम घरी आला आणि पडवीत बसून विचार करू लागला. जे विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, लॉकरात जात नाही, ते सोने त्याच्या सगळ्या नियमांप्रमाणे शून्य किमतीचे. आणि ते शून्य त्याच्यासमोर तांदूळ निवडत बसले होते, वाजत होते.

हौसाबाई गणपतीला येणार तर आहे, असे त्याने एकदा शुभदाला सुचवून पाहिले. ती म्हणाली, वन्सांना उगीच त्रास कशाला?

टपरीवर तो गोष्ट इथेच संपवतो. पाटल्या अजून हातातच आहेत, मापाला काचेच्या पडल्या ना, असे सांगतो आणि लोक हसतात.

एक गोष्ट तो सांगत नाही. गणपतीच्या आधी, पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी तो बाजारातून लवकर परत आला होता. मागच्या अंगणातून यावे म्हणून वळला तर विहिरीपाशी शुभदा चादरी धूत होती. हात कोपरापर्यंत फेसात. आणि फेस लागू नये अशा बेताने, धुण्याच्या दगडाच्या कोरड्या कडेला, साबणाच्या वडीशेजारी दोन्ही पाटल्या काढून ठेवलेल्या होत्या.

विश्राम जास्वंदीआड उभा राहिला. उभ्या आयुष्यात त्याने दिसलेली त्रुटी दाखवल्याशिवाय सोडली नव्हती. जरा वेळाने तो पाय न वाजवता मागे गेला, रस्त्यापर्यंत गेला, तिथून मोठ्याने खोकला, बेड्याचे, म्हणजे कुंपणाच्या फाटकाचे, लाकूड कारण नसताना दोनदा आपटले आणि मग आला. शुभदा चादर पिळत होती. पाटल्या दोन्ही हातांत होत्या, एकीच्या वेलीत अजून फेस अडकला होता.

"काय बघतास?" ती म्हणाली. "निघणत नाय अजून."

"ओढू नको," विश्राम म्हणाला. "उगाच घट येतली."

आणि बाजाराची पिशवी घेऊन घरात गेला.